आयर्विन पूल बघायला गेलात का कधी? अनुभव सांगा

गावभागातली

मागच्या मे महिन्यात पुण्याहून भाचा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रश्न, "आत्या, सांगलीत बघण्यासारखं काय आहे?" आमच्या घरात याची उत्तरं ठरलेली आहेत. गणपती मंदिर, हरिपूरचा संगम, आणि मग "जेव आणि झोप जरा". यावेळी म्हटलं, चल, कृष्णेवरचा पूल दाखवते.

पुलाच्या मधोमध नेऊन उभं केलं. म्हटलं, हा बघ आयर्विन. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाला, "कुठाय?"

त्याचं चुकलं नव्हतं. पुलावर उभं राहिलं की पूल दिसतच नाही. दिसतो तो रस्ता, दोन्ही बाजूंचे कठडे आणि मागून हॉर्न देत येणारं वडाप, म्हणजे प्रवासी भरलेली जीप. मग त्याला खाली घाटावर नेलं. तिथनं एकेक कमान आणि खाली पाण्यात तिची सावली बघितल्यावर गडी जरा गप्प झाला. काठावरच्या एका झाडाच्या फांदीत, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, साडीची एक चिंधी आणि वाळलेल्या केंदाळाचं (जलपर्णीचं) भेंडोळं अडकलेलं होतं. "हे इतक्या वर कुणी टाकलं?" म्हटलं, नदीनं. त्या दिवशी त्यानं जे फोटो काढले त्यात निम्मे त्या चिंधीचेच आहेत.

तेव्हापासून डोक्यात आहे, की आपण सांगलीकर या पुलाला बघण्याची जागा मानतो का? १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन याच्या हस्ते उद्घाटन झालं म्हणून त्याचं नाव. बांधून घेतला सांगली संस्थानचे दुसरे चिंतामणराव पटवर्धन यांनी. एवढं शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, तेव्हा ते परत नको. पाहुण्यांना नेलंत तेव्हा काय झालं, किंवा स्वतः पाहुणे म्हणून आलात तर काय वाटलं, ते लिहा.

सांगलीवाडी

ताई, राग मानू नका, पण पूल बघायला जायचं हे ऐकूनच हसू आलं. आम्ही वाडीची माणसं. शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं, बाजार पलीकडं. आमच्यासाठी तो पूल म्हणजे घराचा उंबरा. उंबरा बघायला कोण जातंय?

पण एक सांगतो. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हाला पाण्यात ढकललेलं. डबा सुटला, पोहायला आलं, की पुढची परीक्षा पुलावरची. पावसाळ्यात पाणी चढलं की मोठी पोरं कठड्यावरनं उड्या टाकायची. मी दोन वर्षं नुसता बघत होतो. तिसऱ्या वर्षी चढलो. चढल्यावर कळतं की खालनं बघितलेली उंची वेगळी आणि वरनं बघितलेली वेगळी. मागं एक थोराड गडी होता, तो फक्त एवढं म्हणाला, "पाय जुळव, हात अंगाला. आणि पाण्याशी भांडू नको."

भांडू नको म्हणजे सरळ काठाकडं हात मारत बसायचं नाही. वाहत जायचं, जाता जाता तिरकं सरकत ऱ्हायचं, हरिपूरच्या अंगाला कुठंतरी काठ गावतो. नवा माणूस इथंच फसतो. त्याला समोर घाट दिसतो, तो घाटाकडं पोहतो आणि दमतो.

पाहुण्यांच्या पोरांनी हे वाचून काही करायला जाऊ नये. पाण्यात काय वाहत येतंय ते वरनं दिसत नाही. अख्खं झाड येतं, मेलेलं जनावर येतं. शिवाय हल्ली या पट्ट्यात मगरी दिसतात त्या वेगळ्याच.

पुण्याहून, एकदाच आलेला

माझा अनुभव फारसा बरा नाही, तरी लिहितो.

कामासाठी आलो होतो, दुपारी तीन तास मोकळे मिळाले. ऐतिहासिक पूल आहे असं वाचलेलं. रिक्षावाल्याला म्हटलं आयर्विन पुलावर सोडा. त्यानं विचारलं, "ह्या तोंडाला का त्या तोंडाला?" मी म्हटलं, मधे. त्यानं आरशातून माझ्याकडं असं काही बघितलं, की मला घाईघाईनं सांगावं लागलं, "अहो, फक्त बघायचाय." (नंतर लक्षात आलं त्याला काय वाटलं असेल ते.)

उन्हाळा, भर दुपार. नदी एका कडेला सरकलेली, पाण्यावर हिरवं केंदाळ, आणि वास. कुठं पूल कधी बांधला याचा फलक शोधावा, सावलीत टेकावं, चहा घ्यावा, असं काहीच हाताला लागलं नाही. दहा मिनिटांत परत निघालो. तोच रिक्षावाला वळून थांबलेला होता. म्हणाला, "मला वाटलंच. आता आलायसा तर पावसाळ्यात या."

हरभट रोड

वास शेरीनाल्याचा, गावाचं सांडपाणी नदीत आणतो त्या नाल्याचा. तो आमच्या आजोबांच्या गप्पांतही होता. पुढच्या वेळी सकाळी सहाला या, आणि जाताना भडंग घेऊन जा. दुपारी तीन वाजता सांगलीकर स्वतः नदीवर जात नाही.

निवृत्त, बांधकामातला

पुणेकर पाहुण्यांनी खाली उतरून बघायला हवं होतं. वरून बघण्यासारखं त्यात काही नाही हे धागा काढणाऱ्या ताईंनी बरोबर सांगितलं आहे.

कमानीची गंमत अशी की तिच्यातला प्रत्येक दगड खाली पडायला बघतो आणि शेजारचे दोन दगड त्याला पडू देत नाहीत. वरून वजन आलं की दगड एकमेकांवर आणखी आवळले जातात. दगड दाबाला खंबीर, ताणाला कच्चा. कमानीत त्याच्या वाट्याला दाबच येतो, म्हणून आत लोखंड नसलं तरी चालतं, आणि लोखंड नाही म्हणजे गंजायलाही काही नाही. असल्या पुलाची काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यायची असते. सांध्यातला चुना किंवा सिमेंट धुपलं का, आणि त्याहून महत्त्वाचं, पायाखालची वाळू-माती वाहून गेली का. पूर वरून दिसतो, पण काम तळाशी करत असतो.

दुसरी सूचना. सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपटी बघा. पाहुण्यांना ती छान वाटतात, फोटोत घेतात. मला बघवत नाहीत. केसाएवढ्या फटीत मूळ शिरतं आणि दहा वर्षांत दगड सरकवतं. मी नोकरीत असताना कुठल्याही पुलाच्या पाहणीला गेलो की आधी पिंपळ मोजायचो.

जाता जाता, हा आयर्विन तोच, ज्याच्याशी गांधीजींचा १९३१ साली करार झाला. आमच्या नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे पुलाचं नाव माणसाचं आहे?" त्याला इतके दिवस वाटत होतं की आयर्विन म्हणजे आयर्न, लोखंडाचा पूल.

मारुती चौकाजवळ

लिहू की नको असं करत तीन दिवस गेले.

आम्हाला पूल बघायला तिथं जावं लागत नाही, पूल घरी येतो. पावसाळ्यात दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" म्हणजे पुलाजवळ पाणी किती फूट. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडं पाढ्यासारखं पोरांनाही येतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं त्याच्या आधीच सामान उचलायला लागतात. त्यांचं पाणी लवकर येतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सासूबाई अगदी निवांत होत्या. आमच्या खालच्या खोलीत २००५ च्या पुराची रेघ आहे. भिंतीला तीनदा रंग दिला तरी सासऱ्यांनी ती रेघ मुद्दाम राखलेली. २००५ ला पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलेलं. सासूबाईंचा हिशेब सरळ. रेघेच्या वर एक हात सोडायचा आणि तिथं सगळं ठेवायचं. गहू, गाद्या, शिलाई मशीन, माझ्या लग्नातल्या साड्यांची पेटी, सगळं आम्ही त्या हिशेबानं माळ्यावर आणि फळ्यांवर चढवलं. फ्रीजसुद्धा टेबलावर टेबल ठेवून वर घेतला. रात्री दोघी वरच्या मजल्यावर जाऊन झोपलो.

पहाटे खाली काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. जिन्यातनं बॅटरी मारली. रेघ कुठं दिसेना. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता आणि जिन्याच्या कठड्याला ठकठक धडका देत होता, दार वाजवावं तसा. सासूबाई तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रेघ बुडाली की गं." त्यावेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

आम्हाला बोटीनं काढलं. आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही घर बघायला निघालो, तर वाटेत माणसं पूर बघायला आलेली. पोराबाळांसकट, कणसं खात. एकानं मला थांबवून विचारलं, "सगळ्यात जास्त पाणी कुठल्या बाजूला होतं?" माझ्या हातात खराटा होता. मी काही बोलले नाही, पण सासूबाईंनी त्याला घरी बोलावलं. खरंच बोलावलं. म्हणाल्या, या, आमच्याकडं होतं सगळ्यात जास्त, आत येऊन बघा. तो आला बिचारा. आत गुडघाभर चिखल, त्यात गहू आंबून फुगलेला, त्याचा वास. दोन मिनिटं उभा राहिला, मग पँट दुमडली आणि दुपारपर्यंत घमेली उचलत होता. पुढच्या वर्षी त्यानं सासूबाईंना दिवाळीला फोन केला.

आता भिंतीवर दोन रेघा आहेत. वरची मी काढली. २०२१ ला परत ५० च्या वर गेलं, तेव्हा वरच्या रेघेच्याही वर सामान लावलेलं होतं. तेवढं आलं नाही.

पूल बघायला जरूर या. पूर बघायला येऊ नका. आलात तर खराटा घेऊन या.

सांगलीवाडी

वहिनी, आधी मी जे लिहिलं ते जरा जास्तच रंगवून लिहिलं असं आता वाटतंय. त्या साली आमच्याकडंही चहूबाजूनं पाणी होतं, उड्या टाकायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

माहेर वाई, सासर सांगली

आमच्या वाईला कृष्णेवर असाच ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल होता. माहेरी जाताना तो आला की घर आलं असं वाटायचं. तो पाडून तिथं नवा रुंद पूल केला. गरज होती हे पटतं, नव्या पुलावरून गाडी सुखानं जाते. पण मला लग्नाआधीचा एकही फोटो सापडत नाही ज्यात तो जुना पूल नीट आलाय. सगळ्या फोटोंत आम्ही बहिणी पुढं आणि मागं कठड्याचा तुकडा.

म्हणून इथं आल्यावर पहिलं काम केलं ते आयर्विनचे फोटो काढायचं. नवऱ्याला वाटलं, माहेरची आठवण येतेय. ती येत होतीच. तेव्हापासून दर पावसाळ्यात एक आणि दर उन्हाळ्यात एक, घाटावरच्या त्याच पायरीवर उभं राहून. एकच नदी, पण ओळखू येत नाही. मे महिन्यात खांब पूर्ण दिसतात, लांब पायांच्या बगळ्यासारखे. ऑगस्टमध्ये कमानींची फक्त भुवई उरलेली असते, आणि ती पायरीही पाण्यात गेलेली असते. मग मागं सरकून काढावा लागतो.

बंगळुरूला असतो, मूळ सांगली

बायको कानडी. लग्नानंतर पहिल्यांदा आणलं ते गणेशोत्सवात. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन असतं सरकारी घाटावर. वाड्यापासून मिरवणूक, अख्खं गाव रस्त्यावर. आम्ही पुलावरून बघायचं ठरवलं, तर आमच्याआधी निम्मी सांगली पुलावर. तिला काहीच दिसेना. शेजारच्या एका आजींनी तिला हाताला धरून कठड्याशी ओढलं, स्वतः मागं सरकल्या. म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं बघतीय, तू बघ." बायकोला मराठी येत नव्हतं. पण ती अजून मोरया म्हणताना आजींच्या हेलात म्हणते.

होड्यांच्या शर्यती असतात त्या दिवशीही पुलावरून बघायला मजा येते. डाव कुठल्या होडीचा हे वरून जास्त कळतं. काठावर नुसता आरडाओरडा.

गावभागातली

सगळं वाचलं. मारुती चौकातल्या वहिनींचं दोनदा वाचलं. आमच्याही घरात रेघ आहे, पण दाराच्या मागं. कॅलेंडर लावतो त्यावर.

पुण्याच्या पाहुण्यांसाठी: पहाटे या, गणपतीचं दर्शन घ्या, मग घाटावर उतरून आधी खालून पूल बघा आणि शेवटी वर चढा. उलटं केलंत की फसलात. वेळ उरला तर हरिपूर, तिथं वारणा येऊन मिळते.

आणि भाच्याचं सांगायचं राहिलं. जुलैमध्ये रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. एवढ्या रात्री म्हणजे काय झालं म्हणून घाबरून उचलला, तर म्हणतो, "आत्या, इकडं दोन दिवस धो धो लागलाय. आयर्विनला किती?"

म्हटलं, अठ्ठावीस. झोप आता.