मदत हवी आहे: शब्दार्थ तोंडपाठ, पण उताऱ्यात तोच शब्द आला की चुकतो

सीनाकाठ:
नमस्कार, जरा लवकर सांगा कुणीतरी. मुलीला समानार्थी विरुद्धार्थी सगळं तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, पण तोच शब्द उताऱ्यात आला की भलताच गोल काळा करते. रोज सराव पेपर चालूयत, तरी भाषेत चुका ठरलेल्या आणि त्या पण बहुतेक शब्दार्थाच्याच. याद्या सगळ्या करून झाल्या. परीक्षा तोंडावर आलीये. अजून कुठलं पुस्तक घेऊ का क्लास लावू?

रानवारा:
ताई कोणती परीक्षा? मुलगी कितवीत? पेपर कोणत्या भाषेतून देणार?

निवृत्त_सुभेदार:
सैनिक स्कूल असेल तर घाबरू नका. सहावीच्या प्रवेशाला ३०० गुणांचा पेपर, त्यात गणितच १५० चं. भाषेला २५ प्रश्न ५० गुण. गणित पक्कं करा, भाषा आपोआप निघते. आणि आत्तापासून रोज सकाळी पळायला न्या, पुढे मेडिकल असतं, तिथे मुलं अडकतात. डोळे पण तपासून घ्या.

सीनाकाठ:
नवोदय विद्यालयाची हो काका, सहावीला तिथे राहून शिकायची शाळा, तिची प्रवेश परीक्षा. पाचवीत आहे, झेडपीची शाळा, पेपर मराठीतूनच देणार. गणिताचा प्रॉब्लेम नाहीये, शब्दार्थाचं विचारतेय.

झेडपी_गुरुजी:
शिष्यवृत्तीची तयारी करून घ्या, नवोदय त्यातच होऊन जातं. आमच्या शाळेत वर्षानुवर्षे हेच करतो. शिष्यवृत्तीला प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात, त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी, वाक्प्रचार, लिंग, वचन सगळं येतं. एवढं पाठ असलेल्या पोराला नवोदयची भाषा म्हणजे काहीच नाही. रोज दहा शब्द, दहा वाक्प्रचार, वहीत पाच वेळा लिहून. पाठांतराशिवाय शब्द डोक्यात राहत नाही, हे आजकालच्या पालकांना पटत नाही.

ओवी:
गुरुजी, राग मानू नका, पण तिचं पाठांतर झालंय असं ताई पहिल्याच ओळीत म्हणतायत. आणि नवोदयला सुटे शब्द विचारतच नाहीत. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले भाषेचे २०, म्हणजे २५ गुण. चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. शब्दाचा अर्थ विचारला तरी तो उताऱ्यातल्या त्या वाक्यातला. शिष्यवृत्तीची सवय इथे थेट चालत नाही, दोन्ही परीक्षा मी मुलांकडून करून घेतल्यात म्हणून सांगते.
ताई, चुकलेले एक-दोन प्रश्न जसेच्या तसे टाका ना, त्याशिवाय काही कळणार नाही.

झेडपी_गुरुजी:
शब्द माहीतच नसेल तर उताऱ्यातून काय आकाशातून अर्थ काढणार का मूल? पाया पाठांतराचाच. माझी मुलं लागलीयत नवोदयला.

रानवारा:
वाचन वाढवा, दुसरा उपाय नाही. किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, १९७१ पासून निघतंय ते. रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून घ्या. याद्या बंद करा सरळ.

सीनाकाठ:
वाचनाला आता वेळ कुठाय, हे दोन वर्षांपूर्वी करायचं काम. कालच्या पेपरातले दोन टाकते.
उतारा होता, "मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या तरी पावसाने ओढ दिली. पेरण्या खोळंबल्या." ओढ म्हणजे काय? पर्याय आकर्षण, खेच, विलंब, प्रवाह. हिने आकर्षण केलं.
दुसरा, "समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्या विहिरीचे पाणी गोड होते." गोडचा विरुद्धार्थी, पर्याय कडू, आंबट, खारट, तिखट. हिने कडू केलं. मी ओरडले तर म्हणते यादीत कडूच आहे. आणि आहेच यादीत तसं.

ओवी:
आता कळलं. घरी शेती आहे का तुमच्या? असेल तर पेपर बाजूला ठेवा आणि गप्पा मारता मारता सहज विचारा, यंदा पावसाने ओढ दिली म्हणजे काय झालं गं? काय म्हणते ते इथे लिहा.

सीनाकाठ:
शेती आहेच की. विचारलं आत्ता. "पाऊस लांबला" म्हणाली लगेच. मग पेपरात आकर्षण का केलं तर म्हणे तो अर्थ पाठ आहे.

ओवी:
म्हणजे शब्द तिला येतोय, घरात बोलला जातो तो, फक्त पेपर समोर आला की ती स्वतःचं ऐकत नाही, यादीचं ऐकते. पेपर काढणारे यादीतला अर्थ पर्यायांत मुद्दाम ठेवतात, कारण उतारा न वाचता उत्तर देणारं मूल तिथेच जातं. त्यामुळे नवं पुस्तक नको, क्लास पण नको. पर्याय कागदाने झाकून ठेवायचे, तो शब्द बोटाने झाकायचा, आधीचं एक आणि नंतरचं एक वाक्य धरून वाचायचं, आणि झाकलेल्या जागी तिला तिचा स्वतःचा शब्द बोलायला लावायचा, अगदी बोलीभाषेतला चालेल, "पाऊस लांबला" सारखा. मग पर्याय उघडून तिच्या शब्दाच्या सगळ्यात जवळचा कोणता ते बघायचं, तो वाक्यात ठेवून पुन्हा मोठ्याने वाचायचं. "पावसाने आकर्षण दिले" असं तिच्या कानावर पडलं की तीच हसेल. सुरुवातीला वेळ लागतो, पण हात बसला की एका शब्दाला अर्धा मिनिट पण लागत नाही.
विरुद्धार्थाला पण तेच, आधी विचारायचं कशाबद्दल चाललंय. पाण्याबद्दल असेल तर गोडाला खारं, फळाबद्दल असेल तर आंबट. कडक भाकरीला मऊ, कडक उन्हाला कोवळं, कडक स्वभावाला मवाळ. हे तुमच्या मुलीला घरबसल्या येणार, शहरातल्या पोरांना आर्द्रा म्हणजे काय इथून सांगावं लागतं.

थेम्सकाठी:
आम्ही इंग्लंडात आहोत, इकडे ग्रामर स्कूलसाठी इलेव्हन प्लस असते, त्यात पण सेम प्रकार. उताऱ्यातले शब्द गाळलेले असतात आणि मुलांनी भरायचे, क्लोझ म्हणतात. मुलाला याद्यांनी काही फरक पडला नाही, मी पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स काढून व्हाइटनरने शब्द खोडायचो आणि त्याने भरायचे, त्याने पडला. तुम्ही पाचवीच्या बालभारतीच्या धड्यावर करून बघा. तिने मूळ शब्द नाही भरला तरी चालेल, वाक्यात बसला पाहिजे आणि का बसला ते तिने सांगितलं पाहिजे. ते "का" महत्त्वाचं.

निवृत्त_सुभेदार:
इंग्लंडच्या परीक्षेचा इथे काय संबंध. इथे चार पर्याय आहेत आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे शिकवा आधी.

थेम्सकाठी:
काका सराव कसा करायचा ते विचारलंय त्यांनी, गोल कसे भरायचे ते नाही.

बाभूळवन:
मी वेगळंच बोलतो. दहा वर्षांचं लेकरू होस्टेलला पाठवायचंच कशाला? माझा पुतण्या नवोदयला होता, पहिलं वर्ष रडत काढलं. शिवाय नववीत काही मुलांना दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला वर्षभर पाठवतात, ते कुणी सांगत नाही.

रानवारा:
सांगतात की, माहितीपत्रकात छापलेलं असतं, नववीची ३० टक्के मुलं. आणि त्यातून मुलं दुसरी भाषा शिकून येतात. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, गावाकडच्या हुशार मुलीला अशी शाळा दुसरी कुठे मिळते? जिल्ह्यातून जास्तीत जास्त ८० घेतात, हजारो बसतात. ताईंना त्यांचं काम करू द्या.

सीनाकाठ:
पाठवायचं आमचं ठरलंय, तिची स्वतःची इच्छा आहे. त्यावर चर्चा नको प्लीज.
झाकून करायचं करून बघितलं. घरी शांतपणे केलं की बरोबर येतंय बरंचसं. पण पूर्ण पेपर लावला की पुन्हा तेच.

ओवी:
पूर्ण पेपरात भाषा कधी सोडवते ती? वेळ किती उरतो?

सीनाकाठ:
शेवटी. आधी बुद्धिमत्ता, मग गणित, मग भाषा. दहा-बारा मिनिटं राहतात.

ओवी:
ताई, हे आधी सांगायचं ना! चार उतारे वाचून वीस प्रश्न, भाषेला अर्धा तास धरलेला असतो. दहा मिनिटांत कुठलंही मूल उतारा वाचणार नाही, प्रश्नातला शब्द बघणार आणि यादी आठवून गोल करणार. तिच्या जागी कुणीही तेच करेल. प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा, गणिताचा असो की भाषेचा. एका आकृतीवर चार मिनिटं घालवून सव्वा गुण मिळवायचा आणि इकडे येत असलेले पाच घालवायचे, हा हिशोब तिला वहीवर मांडून दाखवा. न सुटणाऱ्या प्रश्नावर खूण करून पुढे जायला शिकवा.

झेडपी_गुरुजी:
वेळेचं बरोबर आहे यांचं. बुद्धिमत्तेला एक तास, त्याच्यावर मिनिट जाऊ द्यायचा नाही. मी वर्गात घड्याळ लावूनच बसवतो. पण याद्या फेकून देऊ नका हो. त्याच याद्यांतला एक शब्द घ्या आणि तीन-चार वेगळी वाक्यं करून घ्या. नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, नोकरीला पात्र. गाण्याची चाल, बैलाची चाल, शत्रूवर चाल. आईची माया वेगळी आणि ब्लाउज शिवताना आत ठेवतात ती माया वेगळी. पोरं स्वतः शोधून आणतात, एका मुलाने मला उतारा आणून दिला, धड्यातला उतारा, सातबाऱ्याचा उतारा आणि विंचवावरचा उतारा. असं केलं की यादी पण उपयोगी पडते.

ओवी:
गुरुजी, हे मस्त आहे, हे मी पण घेणार. फक्त पाच वेळा लिहायला लावू नका म्हणजे झालं.

झेडपी_गुरुजी:
लिहिल्याने शुद्धलेखन सुधारतं, ते मी सोडणार नाही.

सीनाकाठ:
आज भाषा गणिताच्या आधी घेतली, अर्धा तास लावून. शब्दार्थातला एकच चुकला. "त्याने जड अंतःकरणाने गाव सोडले" मध्ये जड म्हणजे वजनदार केलं, दुःखी होतं उत्तर. पण गणिताचे तीन राहिले मग.

ओवी:
राहिले ते येणारे होते की न येणारे?

सीनाकाठ:
एक येणारा, सरासरीचा. दोन नव्हते येत तिला.

ओवी:
मग फायद्यातच आहात. हाच क्रम आठवडाभर ठेवा, रोज बदलू नका. "जड"चं म्हणाल तर ती जड अंतःकरण घरात कधी ऐकत नसणार, तो पुस्तकी वापर आहे, अशांसाठी रानवारांनी सांगितलेलं वाचन लागतं. झोपण्याआधी एक पान तरी वाचून घ्या, तेवढा वेळ निघतो.

पाटलीणबाई:
मध्येच विचारते, माझा भाचा तिसरी-चौथी तालुक्याच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकला आणि पाचवीला गावी आला, त्याला नवोदयला ग्रामीण कोट्यातून धरतात का?

रानवारा:
नाही धरत. ग्रामीणसाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली लागतात. शहरीमधून बसेल. वेगळा धागा काढा, तिथे कागदपत्रांचं सांगतो.