लिनक्स रीस्टार्ट मागत नाही म्हणजे गरज नाही असं नाही

विंडोज काढून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की मेंटेनन्सची कटकट संपली असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. विंडोज अपडेटनंतर रीस्टार्ट मागतं ते उगाच नाही, वापरात असलेली फाइल तिथे सहसा लॉक असते, मग ती बदलायला मशीन बंद-चालू करावं लागतं. लिनक्समध्ये जुनी फाइल वापरात असतानाच नवी तिच्या जागी बसते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनीच लायब्ररी (प्रोग्राम वापरतात ती सामाईक कोडची फाइल) धरून बसलेला असतो, म्हणजे पॅच (दुरुस्तीचं अपडेट) टाकूनही सुरक्षेतलं भोक तसंच! एलएसओएफ (lsof, उघड्या फाइल्स दाखवणारी कमांड) चालवून बघा, अशा लायब्रऱ्यांपुढे डीईएल (DEL, म्हणजे डिलीट झालेली) लिहिलेलं दिसेल. आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला की, लाइव्ह पॅचिंग (चालू कर्नलमध्येच दुरुस्ती) नसेल तर, रीबूट आहेच. अपटाइम (मशीन बंद न करता किती दिवस चालू आहे ते) मिरवणाऱ्यांनी हे जरा तपासावं (मिरवतात फार).

बाकी लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) असेल तर खरंच फार बघावं लागत नाही, एलटीएसला ५ वर्षं अपडेट मिळतात. आर्च हा सतत नवं अपडेट येणारा प्रकार घेतलात तर मात्र अपडेटआधी त्यांच्या साइटवरच्या सूचना वाचायच्या, नाहीतर अडकाल. मॅकवर २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून सिस्टीमचा भाग सीलबंद असतो, त्यामुळे आपल्या हातून बिघडणं अवघड, पण जुन्या मशीनला नवी आवृत्ती मिळणार की नाही ते ॲपल ठरवणार.