चंद्रावर उतरतानाचे पडद्यावरचे आकडे कसे वाचायचे?

कक्षावेडा:
चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं थेट प्रक्षेपण सुरू असतं तेव्हा पडद्यावर तीन आकडे पळत असतात: उंची, आडवा वेग, उभा वेग. कोणत्या क्षणी कोणता आकडा किती असायला हवा याचा ढोबळ अंदाज कसा बांधायचा? जून २०२५ मध्ये आयस्पेस या जपानी कंपनीचं 'रेझिलियन्स' कोसळलं. कंपनीने नंतर जाहीर केलेली शेवटची नोंद होती १९२ मीटर उंची आणि सेकंदाला ४२ मीटर उभा वेग. नुसत्या या दोन आकड्यांवरून निकाल कळतो का?
दुसरा प्रश्न, जमिनीपर्यंत नीट पोचलेली यानं कलंडतात कशी? 'वेग जास्त होता' एवढ्यावर समाधान होत नाही, आकडेमोड हवी आहे.

अवरोहण:
रेझिलियन्सचं आधी सांगतो, कारण तिथे शाळेतलं एकच सूत्र पुरतं. थांबायला लागणारा मंदप्रवेग (दर सेकंदाला वेग किती घटायला हवा तो आकडा) म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट उंची. ४२ चा वर्ग १७६४, त्याला ३८४ ने भागा, ४.६ येतात. त्यात चंद्राचं गुरुत्व १.६२ मिळवलं की इंजिनाने प्रत्यक्ष द्यायचा प्रवेग होतो ६.२ मीटर प्रति सेकंदवर्ग. आता तुलनेला चांद्रयान-३ चा लँडर विक्रम घ्या. प्रत्येकी ८०० न्यूटनची चार इंजिनं, उतरतानाचं वस्तुमान सुमारे ९०० किलो धरलं तर चारही पूर्ण जोराने चालवून ३.६ मिळतात. या वर्गातल्या लँडरला ६.२ झेपत नाही. म्हणजे हो, त्या दोन आकड्यांतच निकाल होता.

हे सूत्र हाताशी ठेवलंत तर बाकीचं प्रक्षेपण आपोआप उलगडतं. चांद्रयान-३ चा आराखडा नमुना म्हणून घ्या, कारण त्याचे टप्पे इस्रोने आधीच जाहीर केले होते. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम साधारण ३० किलोमीटर उंचीवरून निघाला तेव्हा त्याचा आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता. पहिला टप्पा खडबडीत ब्रेकिंगचा, ६९० सेकंदांचा. तो संपला तेव्हा उंची ७.४ किलोमीटर, आडवा वेग ३५८ मीटर, उभा ६१ मीटर. एवढ्या वेळात यान सुमारे ७०० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून या टप्प्यात उंचीकडे फार बघू नका, आडवा वेग एकसारखा घटतोय का तेवढं बघा. मग १० सेकंद यान आपला कोन स्थिर धरतं, उंचीमापक आणि कॅमेरे खाली बघून आपण नेमके कुठे आहोत ते ताडून घेतात. त्यानंतर १७५ सेकंदांचं सूक्ष्म ब्रेकिंग. सुमारे ८०० मीटरवर दोन्ही वेग शून्याजवळ यायला हवेत. पुढे १५० मीटरपर्यंत सरळ खाली, तिथे पुन्हा थांबून दगडधोंड्यांची पाहणी, आणि मग स्पर्श. पाय सेकंदाला ३ मीटरपर्यंतचा उभा वेग सोसतील असे बांधले होते.

तरंगणं फुकट नसतं. ९०० किलोचं यान चंद्रावर नुसतं लटकत ठेवायला सेकंदाला साधारण अर्धा किलो इंधन जळतं. १५० मीटरवरच्या वीसेक सेकंदांत दहा किलो गेलं. निरीक्षण बराच वेळ लांबलं आणि उंची हलत नाहीये असं दिसलं, तर काळजी इंधनाचीच करायची.

त्रुटीगणित:
अवरोहण यांनी यान आपली उंची बरोबर जाणतं असं धरून हिशेब मांडला आहे. बहुतेक अपघात नेमके तिथेच झाले आहेत. पडद्यावर दिसते ती यानाने मानलेली उंची, खरी उंची वेगळी असू शकते. हा फरक मनात ठेवल्याशिवाय ते आकडे वाचूच नयेत.

सुरुवातीला लेझर आणि रडार उंचीमापकांची नोंद उपयोगाची नसते. यान जवळजवळ आडवं असतं, इंजिनाचं तोंड प्रवासाच्या दिशेला असतं. तोवर सगळी भिस्त जायरो (यान किती वळलं ते मोजणारं साधन) आणि प्रवेगमापकावर. आता ही चूक कशी वाढते पाहा. ६९० सेकंद सरासरी १.९ चा मंदप्रवेग सुरू आहे आणि यानाला आपला कोन फक्त ०.१ अंशाने चुकीचा माहीत आहे. शेवटी उभ्या वेगात सेकंदाला २.३ मीटरची आणि उंचीत सुमारे ८०० मीटरची चूक साठते. ही चूक उंचीमापकानेच दुरुस्त करायची असते.

आणि तिथे पेच येतो. उंचीमापक कधीकधी खोटी नोंदही देतो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक फाटक ठेवतात: अंदाजापेक्षा फार वेगळा आकडा आला तर टाकून द्या. एप्रिल २०२३ मध्ये आयस्पेसच्या पहिल्या हाकुतो-आर यानाने असंच केलं. ते ॲटलास विवराच्या कडेवरून आत गेलं तेव्हा खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. उंचीमापकाने खरा आकडा दिला, फाटकाने तो खोटा ठरवून अडवला. यान पाच किलोमीटर उंचीवर असताना स्वतःची उंची शून्य मानून हळूहळू उतरत राहिलं, इंधन संपलं आणि ते कोसळलं. अवतरणाची जागा आराखड्याच्या अंतिम परीक्षणानंतर बदलली होती. नव्या मार्गातल्या कडेची तालीम पुरेशी झालीच नाही.

रेझिलियन्सची गोष्ट याच्या शेजारची आहे. लेझर उंचीमापकाने वापरण्याजोगा आकडा द्यायला उशीर केला, त्यामुळे वेग वेळेत उतरला नाही. इंट्युइटिव्ह मशिन्स या अमेरिकी कंपनीच्या ओडिसियस लँडरवर फेब्रुवारी २०२४ मध्ये लेझरचं सुरक्षा-कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहून गेलं होतं. त्याच कंपनीच्या मार्च २०२५ च्या अथेनावर उंचीमापकाच्या नोंदींत गोंगाट होता, शिवाय दक्षिण ध्रुवाजवळच्या सावल्या. तिथे सूर्य क्षितिजावर जेमतेम ६ अंश असेल तर एक मीटरच्या दगडाची सावली साडेनऊ मीटर पडते. कॅमेऱ्याने विवरं ओळखायची कशी? चारही वेळा मुख्य इंजिन शाबूत होतं.

कक्षावेडा:
मग फाटक सरळ काढूनच का टाकत नाहीत? उंचीमापक सांगेल ते खरं, असं धरायचं.

त्रुटीगणित:
कारण एक खोटी नोंदसुद्धा घात करते. ४ किलोमीटरवर असताना ४० मीटर असा आकडा आला आणि यानाने तो मानला, तर ते जोराने ब्रेक लावेल, सगळं इंधन वरच जाळेल. फाटक हवंच, पण त्याला पुनर्विचार करता आला पाहिजे. लागोपाठ कित्येक नोंदी टाकल्या गेल्या आणि त्या सगळ्या एकमेकींशी जुळत असतील, तर चूक बहुधा माझ्या अंदाजात आहे, हे यानाला कळायला हवं. दुसरा उपाय म्हणजे वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी साधनं. विक्रमवर लेझर आणि रेडिओ असे दोन्ही उंचीमापक होते, आडव्या वेगासाठी कॅमेरा होता आणि चांद्रयान-३ साठी लेझर डॉप्लर वेगमापक नव्याने बसवला होता.

चांद्रयान-२ मधून काढलेला धडाही याच जातीचा. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त निघाला, कोन धरून ठेवायच्या टप्प्यात चुका साठत गेल्या, आणि त्या सुधारायला लागणारी वळणं घेण्याचा वेग सॉफ्टवेअरने बांधून ठेवला होता. त्यात उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर, तिथेच पोचायचा हट्ट. पुढच्या वेळी ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. माझ्या मते त्या मोहिमेतला हा सर्वांत शहाणा बदल.

चौथा_पाय:
इंजिन शाबूत असूनही लँडर आडवे होतात हे खरं, पण इंजिनालाही यादीतून काढू नका. जपानच्या स्लिम लँडरच्या एका इंजिनाचं नोझल जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ५० मीटरवर असताना निखळलं. तरी ते लक्ष्यापासून ५५ मीटरवर उतरलं, फक्त नाकावर.

आता कलंडण्याचं. लँडरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटर उंच आहे आणि मध्यापासून पायाची कड १.५ मीटर लांब आहे असं समजा. आडवा वेग घेऊन उतरताना एक पाय अडकला की यान त्या पायाभोवती फिरतं. उलटायला गुरुत्वमध्य २ मीटरवरून २.५ मीटरवर, म्हणजे अर्धा मीटर उचलला गेला पाहिजे. वस्तुमान एका बिंदूत धरून हिशेब केला तर सपाट जमिनीवर त्यासाठी सेकंदाला १.६ मीटर आडवा वेग पुरतो. जमीन १२ अंश उताराची असेल आणि यान उताराच्या दिशेने सरकत असेल तर १.१ मीटरच. पृथ्वीवर सपाट जमिनीवर हेच यान ३.९ मीटरपर्यंत तग धरेल. फरक का पडतो? ढकलणारं वस्तुमान दोन्हीकडे तेवढंच, पण यानाला परत पायावर बसवणारं वजन चंद्रावर सहाव्या हिश्शाचं. पृथ्वीवरच्या अंदाजाने पायांची रुंदी ठरवली तर इथेच फसगत होते.

म्हणून शेवटच्या १०० मीटरांत मी उभ्या वेगापेक्षा आडवा वेग बघतो. तो सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर असेल तर बुटक्या, पसरट यानाला चालून जाईल. ओडिसियस आणि अथेना दोन्ही चार मीटरहून उंच, सडपातळ. त्यांना ते महाग पडतं. फायरफ्लायचं ब्लू घोस्ट रुंदीच्या मानाने बुटकं आहे, २ मार्च २०२५ ला ते मारे क्रिसियममध्ये चारही पायांवर उभं राहिलं.

डॉप्लररेषा:
एक राहिलं. आकडे गोठले म्हणजे यान थांबलं असं समजू नका, शेवटची पोचलेली नोंद तिथेच अडकून राहते. पुष्कळ वाहिन्या तेव्हाही ॲनिमेशन पुढे चालू ठेवतात, त्यामुळे चित्रातलं यान जमिनीला टेकलेलं दिसतं. खात्री हवी असेल तर वाहक लहरीची, म्हणजे यान पृथ्वीकडे पाठवतं त्या रेडिओ लहरीची, वारंवारता बघा; मोठ्या ॲन्टेना असलेले हौशी गट ती पुष्कळदा थेट दाखवतात. २.२ गिगाहर्ट्झच्या लहरीत सेकंदाला १ मीटर वेगबदल म्हणजे साधारण ७ हर्ट्झचा सरक. ब्रेकिंग सुरू असताना रेषा वाकत जाते. स्पर्श झाल्यावर ती एकदम गुळगुळीत होते, उरतो तो फक्त पृथ्वीच्या आणि चंद्राच्या गतीचा संथ उतार. रेषा वाकलेली असतानाच तुटली तर यान चालत्या वेगात होतं. गुळगुळीत होऊन मिनिटाभराने फिकी पडली तर ते टेकलं, पण ॲन्टेना बहुधा भलत्या दिशेला वळली. ओडिसियसचा सिग्नल उतरल्यावर क्षीण आला तो असाच.