शब्दचर्चा : ‘गूरमाँ’ सुगंधाला आणि तो लावणाऱ्या व्यक्तीला मराठीत काय म्हणावे?

माझ्या भाचीने मागच्या आठवड्यात एक वर्णन मराठीत करण्यासाठी माझ्याकडे पाठवले. ‘एंजल’ नावाच्या फ्रेंच परफ्यूमचे ते वर्णन होते, आणि त्यात त्या सुगंधाला ‘गूरमाँ’ असे विशेषण लावून तो वापरणारी स्त्री गोड, धीट आणि सहज न विसरता येणारी असते, असे म्हटले होते. भाचीने स्वतः केलेल्या कच्च्या मसुद्यात ‘खादाड अत्तर’ असे लिहिले होते आणि पुढे, “मावशी, हे चुकतेय हे मला कळते, पण बरोबर काय ते सापडत नाही,” अशी टीप जोडली होती. तिच्या या अडचणीवर आठवडाभर विचार केल्यावर जे हाती लागले, ते येथे मांडते.

‘खादाड’ का चुकते, ते आधी पाहू. फ्रेंचमध्ये ‘गूरमाँ’ म्हणजे खाण्याची आवड असलेला माणूस. ख्रिस्ती परंपरेतील सात महापापांपैकी अतिभक्षणाचे फ्रेंच नाव याच शब्दापासून झालेले आहे, तरी आजच्या बोलण्यात त्या शब्दाला निंदेची धार उरलेली नाही. आपल्याकडे ‘खादाड’, ‘हावरट’, ‘अधाशी’ हे शब्द निंदेकडे झुकतात आणि ‘खवय्या’ कौतुकाकडे, त्यामुळे माणसाबद्दल बोलायचे असेल तर ‘खवय्या’ पुष्कळसा जुळतो. नुसत्या गोडाची आवड असणाऱ्यासाठी तर ‘गोडघाशा’ हा खास शब्द आहे. परंतु सुगंधाच्या बाबतीत हे विशेषण खाणाऱ्याचे राहत नाही, ते खाण्याच्या पदार्थाकडे सरकते. ज्या सुगंधातून फुले किंवा लाकूड यांच्याऐवजी कॅरॅमल, चॉकलेट, मध, व्हॅनिला अशा खाण्याच्या वस्तूंची आठवण होते, तो गूरमाँ. ‘अत्तर’ हा शब्दही येथे मी टाळेन. अत्तर म्हणजे परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवलेला अर्क, जो फायाला लावून कानात ठेवतात. परफ्यूम मद्यार्कात विरघळवलेला असतो आणि फवारला जातो. बोलीत आपण अत्तर ‘लावतो’ आणि सेंट ‘मारतो’, म्हणजे क्रियापदानेही हा भेद सांभाळलेला आहे.

आता मूळ वस्तू. एंजल १९९२ साली बाजारात आले. फॅशनकार थिएरी म्यूग्लेर यांना लहानपणी जत्रेत अनुभवलेल्या गोड वासांची आठवण सुगंधात हवी होती, आणि परफ्यूम घडवणारे ओलिव्हिए क्रेस्प यांनी ती एथिल माल्टॉल या द्रव्याच्या मुबलक वापरातून साधली. माल्टॉल हे भाजलेल्या माल्टमध्ये सापडते, त्यावरूनच त्याचे नाव पडले. एथिल माल्टॉल हा त्याचा प्रयोगशाळेत घडवलेला आणि अधिक तीव्र असा भाऊबंद, ज्याला जळू लागलेल्या साखरेचा, म्हणजे जत्रेतल्या ‘म्हातारीच्या केसां’चा वास येतो. परफ्यूममध्ये गोडवा त्याआधीही होता. व्हॅनिलाला वास देणारे द्रव्य, व्हॅनिलिन, १८७४ साली कृत्रिमरीत्या तयार झाले, १८८९ च्या ‘जिकी’ या परफ्यूममध्ये ते वापरले गेले, आणि १९२५ च्या ‘शालिमार’मध्ये त्याचा भाऊबंद एथिल व्हॅनिलिन फार मोठ्या प्रमाणात आला. मात्र त्या सुगंधांत व्हॅनिला इतर द्रव्यांना आधार देण्याचे काम करी. खाऊचा वास उघडपणे मध्यभागी आणून बसवला तो एंजलने, आणि त्यानंतरच या प्रकाराला वेगळे नाव देण्याची गरज भासली.

मराठीत हा प्रकार कोणत्या शब्दाने सांगावा? पहिल्यांदा मनात येतो तो ‘खमंग’, आणि तो अगदीच टाकाऊ नाही, कारण बेसनाचे लाडू करताना तुपात भाजल्या जाणाऱ्या पिठाचा जो वास घरभर पसरतो त्याला आपण खमंगच म्हणतो, आणि माल्टॉलचा जन्मही भाजण्यातच आहे. तरीही ‘खमंग’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फोडणी, चकली, थालीपीठ येते, आणि लाक्षणिक अर्थाने तर खमंग बातमी. परफ्यूमच्या बाटलीवर हा शब्द वाचणारा गोंधळेल. ‘मिष्टगंधी’ किंवा ‘पक्वान्नगंधी’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, पण त्यांत पंगतीचा थाट आहे. केळीच्या पानावर वाढलेले श्रीखंड दिसते, जत्रेत हट्ट करणारे मूल दिसत नाही. माझे मत ‘खाऊगंधी’ या शब्दाच्या बाजूने आहे. ‘खाऊ’ म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. कोणीतरी बाहेरून येताना मुलासाठी आणलेली वस्तू, असा त्याचा अर्थ आहे, आणि त्यात वाट पाहणे, लाड आणि बालपण या तिन्ही गोष्टी आपोआप येतात. म्यूग्लेर यांच्या मनात जत्रेची जी आठवण होती, तिच्याइतका जवळ दुसरा कोणताही मराठी शब्द जात नाही. देशी शब्दाला संस्कृत शब्द जोडून समास केला, असा आक्षेप कोणी घेईल. पण इंग्रजी आणि संस्कृत यांचा ‘मोटारचालक’ ज्या भाषेने मुकाट्याने स्वीकारला, तिला ‘खाऊगंधी’ जड जाऊ नये.

खरी अडचण मात्र यापुढे सुरू होते, कारण एंजलमध्ये केवळ खाऊ नाही. त्यात पचौलीचा मोठा अंश आहे, आणि पचौली म्हणजे आपल्या ओळखीची ‘पाच’. दवणा आणि मरवा यांच्याबरोबर हार-वेण्यांत जी सुगंधी पाने गुंफली जातात, तीच ही किंवा तिची अगदी जवळची नातलग. एकोणिसाव्या शतकात युरोपला जाणाऱ्या काश्मिरी शालींमध्ये कसर लागू नये म्हणून पचौलीची वाळलेली पाने घालत, आणि तिकडचे ग्राहक त्या वासावरून शाल अस्सल आहे की नाही ते ओळखू लागले. ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा, किंचित कडवट असा हा वास त्या साखरेखाली सतत असतो, म्हणूनच ती साखर मिट्ट होत नाही. कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर जो उभा राहिला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास नुसता गोड कधीच नसतो, त्यात चुलवणाचा धूर असतो, चिपाडे असतात, तळाला धरू पाहणाऱ्या काकवीचा करपट कडवटपणा असतो.

या मिश्रणावरून जी व्यक्ती डोळ्यांपुढे येते, तिला नुसते ‘गोड’ म्हणणे मला पटत नाही. मराठीत माणसाला लावलेला ‘गोड’ हा शब्द माया करतो, पण त्याच वेळी त्या माणसाला लहानही करतो. आपण बाळाला गोड म्हणतो, नव्या सुनेला गोड म्हणतो. संस्थेच्या अध्यक्षबाईंना कोणी गोड म्हणत नाही. गोडव्याच्या छटा सांगणारे आपले इतर शब्द तर बरेचदा संशयाने भरलेले आहेत. ‘गोडबोल्या’वर विश्वास ठेवू नये, ‘गुळचट’ बोलणे नकोसे वाटते, आणि ‘गुळाचा गणपती’ काही कामाचा नसतो. ‘मधाळ’ बरा आहे, पण तो आवाजाला आणि हास्याला शोभतो. ‘लाघवी’ हा शब्द भाचीला फार आवडला होता. त्याच्या मुळाशी ‘लघु’, म्हणजे हलकेपणा आहे, आणि एंजल हा हलका सुगंध मुळीच नाही. तो लावणारी व्यक्ती खोलीत येण्याआधी तो येतो, ती गेल्यावर मागे राहतो, आणि काहींना तो असह्यही होतो.

पुष्कळ शोधानंतर मला जो शब्द सापडला, तो स्वयंपाकघरातच होता : ‘ठसकेबाज’. फोडणीत मिरची पडली की नाकाघशाला जो झटका बसतो तो ठसका, आणि ज्या बाईच्या बोलण्याचालण्यात तसा झटका आहे ती ठसकेबाज. वासाच्या अनुभवापासून थेट व्यक्तिमत्त्वापर्यंत पोचलेला इतका सरळ शब्द मला दुसरा आठवत नाही. त्यात धीटपणा आहे, डौल आहे, लावणीच्या फडाची आठवण आहे, आणि आपल्या असण्याबद्दल क्षमा मागण्याची वृत्ती त्यात अजिबात नाही. रुंद खांदे आणि घट्ट आवळलेली कंबर अशा पोशाखांसाठी गाजलेल्या म्यूग्लेर यांच्या स्त्रीलाही तो शोभतो. तेव्हा भाचीला मी वाक्य कळवले ते असे : “हा खाऊगंधी परफ्यूम आहे, तो लावणारी स्त्री गोड आहे, पण ठसकेबाज.”

तिने लगेच विचारले, की हाच सुगंध पुरुषाने लावला तर काय लिहायचे? ‘ठसकेबाज पुरुष’ माझ्या कानाला खटकतो, आणि ‘रुबाबदार’ म्हटले तर त्यातली साखर नाहीशी होते. ‘रंगेल’ भलतीकडेच नेतो. गोडवा आणि करारीपणा एकत्र असलेल्या पुरुषासाठी विदर्भात, खानदेशात किंवा कोकणात एखादा घरगुती शब्द वापरात असेल, तर तो कोणत्या संदर्भात आणि कोणाच्या तोंडून ऐकला, हेही कृपया सांगावे.