पन्हाळ्याच्या बुरुजांना ‘भोजकालीन’ म्हणावे का?

धागाकर्ता (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

पाहुण्यांना पन्हाळ्यावर नेले की दिसेल त्या बुरुजाकडे बोट दाखवून ‘हा भोज राजाने बांधला’ असे सांगण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. माझे म्हणणे एवढेच की हा मान गडाला द्यावा, आज उभ्या असलेल्या बुरुजांना देऊ नये. शिलाहार राजा दुसरा भोज याची राजधानी येथे होती, हे साताऱ्यास मिळालेल्या 1191-92 च्या ताम्रपटामुळे मान्यच आहे. परंतु आज तटावर जागोजागी जे गोल, बाहेर झुकून आलेले बुरूज दिसतात, त्यांची घडण तोफेच्या युगाची आहे. चौकोनी बुरुजाचा कोपरा गोळ्याने आधी निखळतो, तर गोलाकार अंगावर मारा निसटतो आणि माथ्यावरील तोफही रुंद टप्प्यात फिरवता येते. भोजाच्या काळी दख्खनेत तोफच नव्हती. शिवाय गडाच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारावरचा फारसी शिलालेख पहिल्या इब्राहिम आदिलशाहाचे (1534 ते 1558) नाव घेतो. एवढे असता साडेतीन शतके मागे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद १ (मंगळवार पेठ)

आपला आक्षेप मला घाईचा वाटतो. पहिली गोष्ट, गोल बुरूज म्हणजे तोफच असे समीकरण नाही. कोपरा नसला की तटाखाली शिरलेल्या शत्रूला आडोसा मिळत नाही, हा लाभ धनुर्धारींच्या काळीही होताच. दुसरी गोष्ट, दरवाजावरील लेख त्या दरवाजापुरता बोलतो. सात किलोमीटरांहून लांब तटबंदी त्याच्या नावावर करणे म्हणजे वाड्याच्या दिंडीवरील पाटी वाचून वाड्याचा पाया कुणी घातला ते ठरवण्यासारखे आहे. राजधानीचा गड तटाशिवाय होता असे तर आपणही म्हणणार नाही. मग आदिलशाही कारागिरांनी जुना तट उकरून फेकला, की त्याच्यावरच थर चढवले? कातळाच्या कडेवर पाया एकच असतो, आणि तयार पाया सोडून नवा खोदण्याइतका कोणताही किल्लेदार उधळा नसतो.

प्रतिसाद २ (पन्हाळा)

आमच्या घरात दगडाचे काम होते, म्हणून कारागिराच्या बाजूने लिहितो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कठीण होत जातो, त्यामुळे गडावरचाच दगड गडावर वापरणे प्रत्येक राजवटीला सोयीचे ठरले. नुसता दगड पाहून काळ सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. सांधा पाहावा. खिद्रापूरच्या शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराचे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत. बुरुजांत जेथे सांध्यांत चुना भरलेला दिसतो, तेथे हात निराळा आहे, एवढे म्हणता येईल. आणि कृपया हा वाद दुरुस्तीच्या कामापर्यंत न्या. सिमेंटने सांधे बंद केले की पावसाचे पाणी आत कोंडते, भर फुगते आणि पावसाळ्यात पोट फुटून तट खाली येतो. चुना पाणी बाहेर सोडतो.

धागाकर्ता

गोलाईबद्दलचा आक्षेप मी स्वीकारतो. तो पुरावा एकट्याने उभा राहत नाही. तरी पायाचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. पाया भोजाचा असेल तर पाया भोजाचा म्हणा, त्यावरील चर्या (तटाच्या माथ्यावरचे आडोशाचे कठडे) आणि तोफेच्या खिडक्या नव्हेत. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदांनी मोजक्या साठ मावळ्यांसह गड घेतला, पुढे मराठ्यांच्या हाती तो दीर्घकाळ राहिला, आणि 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी ‘चार दरवाजा’ हे प्रवेशद्वार पाडले. एवढ्या हातांनी बांधलेल्या, डागडुजी केलेल्या आणि पाडलेल्या भिंतीला एकाच राजाचे नाव देऊन आपण शिलाहारांचा गौरव करत नाही, बाकीच्यांचे श्रम पुसतो.

प्रतिसाद १

पुसणे आपल्याही लेखणीत आहे, साहेब. आदिलशहाचे नाव लिहिताना आपण पायाच्या दगडांची चौकशी केली नाही. जुलै 2025 मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा यादीवर गेला आहे. आता तरी तटाच्या तळाशी नीट, शास्त्रीय उत्खनन व्हावे, ही मागणी आपण दोघे मिळून करू शकतो. तोवर मी पाहुण्यांना ‘भोजाच्या गडावरचा बुरूज’ म्हणेन.

धागाकर्ता

‘गडावरचा’ चालेल.