सोलापूरचं घर विकायचंय: व्हॅल्युएशनचा आकडा नेमका कोणता धरायचा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातलं घर विकायला काढलं की एकाच घराचे तीन आकडे समोर येतात. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांचा एक, गिऱ्हाइकाच्या बँकेचा दुसरा आणि एजंट सांगतो तो तिसरा. हे जुळत का नाहीत? बोलायला सोपं जावं म्हणून एक घर धरू: जुळे सोलापूर, २,००० चौरस फुटांचा प्लॉट, खाली ४० वर्षांचं १,२०० फुटांचं आरसीसी बांधकाम, वर २० वर्षांपूर्वी चढवलेला ६०० फुटांचा मजला. वरच्या मजल्याची परवानगी नाही.

— न्यू जर्सी

*

नमस्कार,

प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी काढलेला असतो. रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे. त्या विभागाचा जमिनीचा दर, बांधकामाचा दर आणि वयानुसार घसारा एवढंच तो बघतो, तुमच्या स्लॅबला गळती आहे की नाही ते नाही. बँकेच्या व्हॅल्युअरला पाहायचं असतं की कर्ज थकलं तर हे घर विकून पैसे सुटतील का. म्हणूनच त्याच्या रिपोर्टात बाजारमूल्याच्या खाली घाईने विकावं लागलं तर काय येईल, तोही आकडा असतो.

आता हिशोब. दर मी गृहीत धरतो, पद्धत मात्र खरी. जमीन २,५०० रुपये फुटाने ५० लाख. खालचं बांधकाम आज नव्याने करायला १,८०० रुपये फूट, म्हणजे २१.६० लाख. आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी १० टक्के मोल उरतं असं धरलं, तर ४० वर्षांचा घसारा ६० टक्के होतो. उरले ८.६४ लाख. एकूण ५८.६४ लाख.

वरचा मजला याच रीतीने ७.५६ लाखांचा होतो, पण मंजूर नकाशात नसल्यामुळे बँकेचा व्हॅल्युअर त्याची किंमत शून्य धरतो. महापालिकेच्या कर आकारणी उताऱ्यावर तो मजला चढलेला असतो आणि घरमालक म्हणतात, आम्ही टॅक्स भरतो की! टॅक्स भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. घोळ नेमका इथेच होतो.

विकणारा दोन्ही मजले धरून ६६ लाख सांगतो, गिऱ्हाईक हो म्हणतं, विसार देतं. मग बँक करारातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यांतली जी कमी, ती धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, म्हणजे कर्ज फार तर ४६.९१ लाख. उरलेले १९ लाख गिऱ्हाइकाने खिशातून घालायचे. शिवाय महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३.९६ लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. व्यवहार मोडतो तो भावावरून नाही, या २३ लाखांवरून.

त्यामुळे मजला चटई क्षेत्रात (प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी आहे तेवढ्यात) आणि सामासिक अंतरात (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळं सोडायच्या जागेच्या नियमात) बसत असेल तर विकायला काढण्याआधीच दंड भरून नियमित करून घ्या. बसत नसेल तर भाव खालच्या मजल्याचाच सांगा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला, असेल तर नियमितीकरणाचा दाखला लागतोच. तो नसेल तर बहुतेक बँका व्हॅल्युअर पाठवतच नाहीत.

साखर पेठेसारख्या भागात खाली माग आणि वर राहणं अशी घरं आहेत. तिथे बँक खालचा भाग व्यावसायिक धरते आणि गृहकर्ज अडतं. आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घराला बांधकामाची किंमत जवळजवळ मिळतच नाही. जागेचे पैसे, फार तर सागवानी तुळयांचे.

— डॅलस

*

वरचा हिशोब बरोबर. कराची बाजू जोडतो, कारण परदेशी राहणाऱ्याला खरा फटका तिथे बसतो.

भाव रेकनरच्या खाली गेला तर आयकरात १० टक्क्यांपर्यंतची सूट आहे, त्यापुढे नाही. ५८ लाखांना विकलं आणि रेकनर ६४ लाख म्हणतो, असं धरा. ५८ चे ११० टक्के ६३.८० लाख. फक्त २० हजारांनी ओलांडलं, पण करासाठी विक्री ६४ लाखांचीच धरली जाते. विकणाऱ्याच्या नफ्यात ६ लाख वाढतात, आणि तेच ६ लाख घेणाऱ्याच्याही उत्पन्नात धरले जातात. म्हणून भाव तोंडी ठरण्याआधी रेकनरचं मूल्यांकन काढून घ्या. २०२५-२६ साली सोलापूर महापालिका क्षेत्रात रेकनर १०.१७ टक्क्यांनी वाढला होता, राज्यात सर्वांत जास्त. तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या दस्तावरून अंदाज बांधू नका.

करार मार्चमध्ये आणि खरेदीखत एप्रिलनंतर असेल तर आयकरासाठी कराराच्या तारखेचा रेकनर धरता येतो. अट एकच: विसाराची रक्कम कराराच्या दिवशी किंवा आधी बँकेतून आलेली हवी. रोख दिलेला विसार इथे कामाला येत नाही.

घर मोडकळीला आलंय, भाडेकरू आहे, म्हणून खरी किंमतच रेकनरपेक्षा कमी असेल तर सह जिल्हा निबंधकांकडे अभिनिर्णयाचा, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवून देण्याचा, अर्ज करता येतो. आयकरातही व्हॅल्युएशन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. दोन्हीकडे वेळ जातो, पण अर्ज न करता गप्प बसून ज्यादा कर भरणं मला पटत नाही.

वडिलोपार्जित घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर नफा मोजताना खरेदीची किंमत म्हणून त्या तारखेची किंमत धरता येते. तो रिपोर्ट नोंदणीकृत व्हॅल्युअरचाच हवा, आणि त्या तारखेचा रेकनर उपलब्ध असेल तर आकडा त्याच्या वर जाऊ शकत नाही. २३ जुलै २०२४ पासून अनिवासी भारतीयांना महागाई निर्देशांकाचा फायदा (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही: दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के सरळ. गिऱ्हाईक मात्र टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) पूर्ण विक्रीच्या रकमेवर कापतं, नफ्यावर नाही. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढा आणि अर्जाला हाच रिपोर्ट जोडा. खरेदीखत झाल्यावर दाखला मागून उपयोग नाही.

— टोरंटो

*

धन्यवाद दोघांनाही. व्हॅल्युअर घर बघायला येतो तेव्हा तिथे कोण हवं आणि काय तयार ठेवायचं?

— न्यू जर्सी

*

ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत असा नातेवाईक. बंद खोली मोजता येत नाही आणि रिपोर्टात तशी नोंद जाते.

मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, वापर परवाना, कर पावती, वीजबिल एकाच फायलीत ठेवा. व्हॅल्युअर आधी चतुःसीमा पत्रकाशी जुळवतो. शेजाऱ्याची भिंत दीड फूट आत आली असेल तर ती तिथेच सापडते. मग टेप किंवा लेझरने खोल्या मोजतो आणि वर बघतो. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस रेघ दिसली तर आतली सळई गंजली आहे. तिथे बोटाच्या पेराने ठोकलं की भद्द आवाज येतो आणि पोपडा सुटतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर काळ्या मातीची: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो. अशा चिरेवर घाईने रंग मारू नका. ताजा रंग एकाच कोपऱ्यात दिसला की तो आणखी बारकाईने बघतो.

हौदाचं झाकण उघडून ठेवा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून हौद किती लिटरचा आणि बोअरला पाणी आहे का, हे गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्याही आधी विचारतं.

— डॅलस