शाळेची भाषा न येणारं मूल: आधी वेगळा वर्ग, की थेट बालवाडीत?

पाटीपेन्सिल
आमच्या बालवाडीत सध्या एक प्रस्ताव चर्चेत आहे. दुसऱ्या देशांतून आलेल्या, शाळेची भाषा न येणाऱ्या मुलांना आधी सहा महिने वेगळ्या 'तयारी वर्गात' बसवायचं आणि भाषा आली की मुख्य वर्गात घ्यायचं. या वयाच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझा याला ठाम विरोध आहे.

गेल्या वर्षी चार वर्षांचा एक मुलगा आला. निर्वासित कुटुंब, इथे पोचेपर्यंत वाटेत दोन देश झालेले. पहिले तीन आठवडे त्याने पाठीवरची पिशवी उतरवली नाही, चित्र काढतानाही नाही. तोंडातून एक शब्द नाही. मी त्याच्या नोंदवहीत लिहून टाकलं, 'मोजता येत नाही'. मग एकदा तो ठोकळे रचत होता आणि मी मागेच बसले होते. ओठ हलत होते. प्रत्येक ठोकळ्याला एक शब्द, आणि मनोरा पडला की पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात. मला त्याच्या भाषेतला एकही अंक येत नाही, पण मोजणी कानाला कळतेच. तेवीस ठोकळे मोजले त्याने. नोंद चुकीची होती आणि चूक माझी होती.

नव्या भाषेत येऊन पडलेली पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. त्या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात. पण ऐकायचं कुणाकडून? तयारी वर्गात शाळेची भाषा बोलणारी एकट्या बाईच असणार. या वयात मूल भाषा उचलतं ती 'दे ना', 'आता माझी पाळी', 'तू पकड, मी पळतो' यांतून, म्हणजे दुसऱ्या मुलांकडून. नेमकी तीच तिथे नसणार.

रोखठोक
तळमळ कळते, पण दुसरी बाजूही ऐका. माझी मुलगी अशाच वर्गात आहे. चोवीस मुलं, दोन मोठी माणसं. त्यांतली सहा-सात मुलं तीन-चार वेगवेगळ्या भाषांची. गोष्ट सुरू झाली की पाच मिनिटांत एक रडतं, दुसरं उठून दाराकडे जातं, ताई त्यांच्यामागे. गोष्ट तिथेच संपते. कुणाचाच दोष नाही यात. पण पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात सोडायचं आणि त्याला समावेश म्हणायचं, हे मला पटत नाही. सहा महिने छोट्या गटात, शांतपणे भाषा शिकली तर त्या मुलांचंच भलं आहे. इतर पालक हे तोंडावर बोलत नाहीत, म्हणून मी बोलतोय.

पाटीपेन्सिल
बोललात ते बरं केलंत. चोवीस मुलांमागे दोन माणसं पुरत नाहीत, हे शंभर टक्के मान्य. पण तयारी वर्गासाठी शाळा एक जादा शिक्षिका नेमणारच आहे ना? तीच आमच्या खोलीत द्या. गोष्टही पुरी होईल आणि दाराकडे गेलेल्या मुलापाशीही कुणीतरी असेल.

दुसरं, सहा महिन्यांत भाषा येते हे गृहीतच चुकीचं आहे. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ पासून मांडला आहे: खेळण्या-बोलण्यापुरती भाषा यायला साधारण दोन वर्षं लागतात, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात. मग तयारी वर्गातून बाहेर काढायचं कधी?

कागदपत्र
तुम्ही दोघंही वर्गात पोचलेल्या मुलांबद्दल बोलताय. मोठा आकडा दाराबाहेरचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०२४ च्या शिक्षण अहवालानुसार निर्वासित मुलांत प्राथमिकला ६५ टक्के नोंदणी आहे, तर पूर्वप्राथमिकला फक्त ३७ टक्के.

कारणं अनेक, पण एक कायद्यातच आहे. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम २२ म्हणतं की निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्या, पण 'प्राथमिक शिक्षणाबाबत'. तीन-चार वर्षांच्या मुलाला ती बरोबरीची हमी नाही. १९८९ च्या बालहक्क करारातही सक्तीचं आणि मोफत असं म्हटलंय ते प्राथमिकच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये टेक्सासच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. बालवाडीच्या खिडकीवर मात्र आजही पहिला प्रश्न जन्मदाखल्याचा असतो. रातोरात घर सोडलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? आधी मूल वर्गात घ्या, कागद मागाहून जमवा.

मधलीपिढी
मी अशीच आलेली मुलगी होते. अशा चर्चांत 'घरी घरचीच भाषा बोला' असं सांगितलं जातं, ते मला खटकतं. घरच्या भाषेचं कौतुक जे करतात त्यांना तिच्यामुळे कधी अडायला होत नाही. माझ्या आईवडिलांनी ठरवून घरात शाळेची भाषा बोलायला सुरुवात केली, मोडकीतोडकी का होईना. सात वर्षांची असताना आईच्या दवाखान्यातल्या भेटींत मीच दुभाषी असायचे. ती भाषा मला लवकर आली नसती तर आईने काय केलं असतं? वेगळा वर्ग असो की एकत्र, मुलाला शाळेची भाषा भराभर द्या. एवढंच माझ्या आईवडिलांना हवं होतं.

पाटीपेन्सिल
तुमच्या आईवडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, आणि पालकांना काय हवंय ते विचारलंच पाहिजे. पण दवाखान्यात त्या दिवशी दुभाषी असायला हवा होता, सात वर्षांची मुलगी नव्हे.

एक अनुभव सांगते. आईला नीट न येणारी भाषा घरात आली की बोलणं 'ये, जेव, झोप' एवढ्यावर येतं. गोष्ट, समजूत, रागावणं, लाड, सगळं आटतं. शाळेची भाषा शाळेत आम्ही देऊ. घरी आईने भरभरून बोलावं, तिला येतं त्या भाषेत.

सगळ्या भाषा मला याव्यात असंही म्हणत नाही. दहा-बारा शब्द पुरतात: तहान, शू, दुखतंय, भीती वाटते, आई येणार आहे. पालकांकडून उच्चार लिहून घेते आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवते. शेवटचा शब्द सगळ्यात जास्त लागतो.

रोखठोक
तिसरी शिक्षिका त्याच खोलीत, हे मान्य. पण रोज अर्धा तास तरी या मुलांचा वेगळा गट हवा. गोंगाटात काही मुलं मिटून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाटीपेन्सिल
छोटा गट चालेल. तो त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसवा आणि त्यात शाळेची भाषा येणारी दोन-तीन मुलंही घ्या.

रोखठोक
मग तो पुन्हा तोच वर्ग झाला की. माझं मत कायम आहे.

मधलीपिढी
त्या मुलाच्या पिशवीत काय होतं?

पाटीपेन्सिल
कपड्यांचा एक जोड आणि त्याच्या बहिणीचा एक मोजा. दुभाषी मिळाल्यावर आईने सांगितलं, निघायची वेळ आली तर शोधाशोध नको म्हणून त्यांनीच तसं शिकवलं होतं. चौथ्या आठवड्यात त्याने ती उतरवली. खुंटीला नाही लावली, माझ्या खुर्चीखाली ठेवली. बैठक परवा आहे. तिथे दुभाष्याची मागणी मी पहिली ठेवणार आहे, जादा शिक्षिकेच्याही आधी.